झालरीची तीट

सिंधीपुरा, बुरहानपूर
रविवार, ७ डिसेंबर २०२५

सौ. रंभाबाई विहीणबाईंना इंदुबाईचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. कुणाला काही झालेलं नाही. जे व्हायचं ते मार्चमध्ये होऊन गेलं.

फोनवर तुमच्याशी बोलण्यात काही अर्थ नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मी इकडे अर्धा तास बोलते, तुम्ही तिकडून हाव हाव म्हणता, आणि शेवटी विचारता, मग आता ताप उतरला का? ताप कुणालाच नसतो. तुम्हाला कानाने कमी ऐकू येतं, म्हणून हा उपाय काढला. आमच्या गल्लीतले श्रीकांत मास्तर सोमवारी तुमच्या तुकईथडच्या शाळेवर जातात आणि शनिवारी परत येतात. पत्र तेच नेतील, उत्तरही तेच आणतील. कागदाला तोटा नाही. हे कागदाच्या मिलमधून रिटायर झाले तेव्हा दोन गठ्ठे घरी आले होते. हे जाऊन सहा वर्षं झाली, कागद पिवळा पडला, पण संपला नाही.

हिमानी बरी आहे. सकाळी बालवाडीत शिकवायला जाते, एक वाजता येते, जेवते, भांडी घासते. मी नको म्हटलं तरी घासते. आम्ही दोघी चांगल्या राहतो. भांडण नाही, बोलणंही फार नाही. जितू गेल्यापासून तिच्या डोळ्यातून टिपूस आलेलं मी पाहिलं नाही, आणि तिनेही माझ्या. येणारे-जाणारे म्हणतात, फार धीराच्या आहात हो दोघी. धीर कसला. पाय दुमडून फार वेळ बसलं की पायाला चिमटा घेतला तरी कळत नाही ना, तसं माझं सगळ्या अंगाचं झालंय. दिवाळीला शेजारच्या भागाबाईंनी फराळाचं ताट आणून दिलं. सुतकाच्या वर्षात आपण करायचं नाही, दुसऱ्याने आणलेलं खायचं, म्हणून अनारसा खाल्ला. गोड होता का म्हणून त्यांनी विचारलं, तर मला सांगता येईना.

आता मुख्य गोष्ट. तुमचं मत हवं म्हणून एवढं लिहायला बसले.

इथे १९ ते २१ तारखेला दिव्यांचा आणि कलांचा मोठा महोत्सव भरतोय. गांधी चौकापासून राजघाटापर्यंत रस्ताभर दिवे, चित्रं, गाणी, नाटकं, सगळं उघड्यावर, आणि सगळं फुकट. गल्लीत पोस्टर लागलंय. बाहेरगावचे कलाकार येऊन बसलेत म्हणे. हिमानी परवा पोळी लाटता लाटता म्हणाली, आई, जाऊन येऊ या? नऊ महिन्यांत तिने पहिल्यांदा काही मागितलं. मी म्हटलं, बाई, आपलं यंदा वर्ष आहे, आपल्याला सण नाही. ती म्हणाली, हा सण कुठे आहे, कॅलेंडरात दाखवा. मी चष्मा लावून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. १९ तारखेला नुसती अमावस्या लिहिली आहे.

तर तुम्ही सांगा. दिव्यांचा महोत्सव हा सण धरायचा की नाही? तुमच्याकडे काय मानतात?

आणखी एक. वरच्या खोलीला मी कुलूपच ठेवलंय. जितूच्या झालरी, वायरी, शिड्या, सगळं तसंच आहे. लोक अजून लग्नाच्या लायटिंगसाठी विचारायला येतात, मी नाही म्हणून सांगते. तुम्हाला आठवतं, हिमानीच्या लग्नात मांडवातच तुम्ही भांडला होतात, जावयाच्या प्रत्येक झालरीत एक बल्ब गेलेला आहे म्हणून? गेलेला नव्हता हो. तो मुद्दाम एक बल्ब काळा करायचा. लहान पोराच्या गालावर तीट लावतात तशी. म्हणायचा, एवढं झगमगीत दिसतं तर दृष्ट लागणारच. पहिली झालर केली तेव्हा माझीच काजळाची डबी पळवली होती.

सगळ्या मांडवांना तीट लावत फिरला. असो.

दत्तात्रयरावांना नमस्कार. केळीला थंडी बाधली नाही ना?

तुमची,
इंदुबाई


तुकईथड
शुक्रवार, १२ डिसेंबर

इंदुबाई विहीणबाई, नमस्कार.

मास्तरांनी पत्र दिलं. सगळ्या घराने वाचलं, मग मी वाचलं. माझ्या कानाचं तुम्ही लिहिलं त्यावर आमचे हे पोट धरून हसले. हसू द्या. मला ऐकू आलं नाही.

सणाचं सांगते. ज्याला नैवेद्य नाही तो सण नाही. पोळी नाही, देवाला हात जोडणं नाही, तर सण कसला? सरकारने दिवे लावले की सण झाला काय? मग तर रोज रस्त्याचे खांब पेटतात. निवांत जा. मीच सांगितलं म्हणा कुणी विचारलं तर. थंडी आहे, कानाला बांधून जा.

आता मी काय लिहिते ते मनावर घ्या. फोनवर दोनदा बोलले, तुम्ही काय म्हणाल्या मला कळलं नाही, म्हणून लिहूनच सांगते. पोरीला आता मोकळी करा. नऊ महिने झाले, किती दिवस तिने असं कोंडून राहायचं? माझ्या जिवाला घोर लागला आहे. जावई गेले, ते काही परत यायचे नाहीत. ती तुमच्या शब्दाबाहेर नाही. तुम्ही स्वतः पुढे झाल्याशिवाय ती व्हायची नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही धीराच्या म्हणून तीही धीराची, असं चाललंय. तुम्ही समजदार आहात, आईच्या जागी आहात. मी आई असून लांबून काय करू? तुमच्याच हातात आहे.

देडतलाईचे लोटूभाऊ दोनदा येऊन गेले. तुमच्याकडून हो येईल का म्हणून विचारत होते. मी म्हटलं, माझं काही नाही, विहीणबाई ठरवतील. माणूस चांगला आहे. नीट सांभाळतील, काही वाईट होऊ देणार नाहीत, याची जबाबदारी माझी. विचार करून कळवा.

केळीला थंडी बाधली. पानं पिवळी पडली, घड बारीक आहेत. चालायचंच.

रंभाबाई


सिंधीपुरा, बुरहानपूर
रविवार, १४ डिसेंबर

सौ. रंभाबाईंना नमस्कार.

पत्र काल मिळालं. सणाचं तुमचं म्हणणं पटलं. आम्ही शुक्रवारी जाऊ.

दुसऱ्या गोष्टीचं उत्तर देते. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. ती बत्तीस वर्षांची आहे. मूलबाळ नाही. मी तुमच्या जागी असते तर नऊ महिने थांबले नसते, तिसऱ्याच महिन्यात गाडी घेऊन दारात उभी राहिले असते. तुम्ही थांबलात, हा तुमचा मोठेपणा. मी तिला मोकळी करते. लोटूभाऊ कोण, कुठले, मी विचारणार नाही. तुम्ही जबाबदारी घेतली आहे, मला तेवढं पुरे.

तुम्हाला वाटेल, इंदुबाईंनी मनाला लावून घेतलं. तसं काही नाही. मलाच वाटलं होतं, वाचून कुठेतरी कळ येईल. पत्र घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवलं आणि कणीक मळायला बसले. चार पोळ्यांची मळली. मग लक्षात आलं, आता दोघींच्या चार लागतात, पुढे माझ्या एकटीच्या दोन लागतील. एवढाच विचार आला. मग पोळ्या केल्या.

तिचं सामान मी तिच्या नकळत काढते आहे. लग्नातल्या साड्या, तुम्ही दिलेली समई, चांदीचा कुंकवाचा करंडा. करंड्याकडे थोडा वेळ बघत बसले, तो द्यावा की नाही म्हणून. मग ठेवला तिच्याच पेटीत. तिचाच आहे, आणि आता लागेलही.

तीही आतून निघाली असावी. बुधवारपासून रोज संध्याकाळी बाहेर जाते. काम आहे म्हणते. काय काम ते मी विचारत नाही. परत येते तेव्हा हाताला काळं लागलेलं असतं आणि चेहऱ्यावर काहीतरी लपवल्यासारखं असतं. माझ्यापाशी बोलायचा तिला संकोच होत असेल. तुमचं-तिचं आधीच ठरलं असेल तरी माझी काही तक्रार नाही.

एकच मागणं आहे. तीन दिवसांचा तो महोत्सव होऊ द्या. तिने नऊ महिन्यांत एवढी एकच गोष्ट मागितली. त्यानंतर सोमवारी, २२ तारखेला, मास्तरांच्या सोबतीने तिला तुमच्याकडे पाठवते. तिला अजून सांगितलेलं नाही. वेळ बघून सांगेन.

इंदुबाई


तुकईथड
गुरुवार, १८ डिसेंबर

इंदुबाई,

हे काय लिहून पाठवलं तुम्ही? मी दोनदा वाचलं, मग आमच्या ह्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. वाटलं, कानासारखे डोळेही गेले की काय.

अहो, मोकळी करा म्हणजे रडू द्या. रडून मोकळी होऊ द्या! एवढंही कळू नये? तिच्या छातीत नऊ महिने गोळा बसला आहे, तो बाहेर काढा, असं म्हणत होते मी. तुम्ही स्वतः रडत नाही, म्हणून तीही रडत नाही. तुमच्यासमोर कशी रडेल? सासू दगडासारखी बसली असताना सून कशी रडेल? आता दगड म्हटलं त्याचा राग मानू नका. पण मानलात तरी चालेल, काहीतरी तर मानाल.

मी रडले. जावयाच्या दहाव्याहून आले आणि केळीच्या बागेत जाऊन तासभर रडले. मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. रस्त्यावरून माणसं धावत आली तेव्हा कळलं, मी किती मोठ्याने रडत होते.

आणि लोटूभाऊ! हे राम. लोटूभाऊ पासष्ट वर्षांचे आहेत, घरात चार नातवंडं आहेत, तोंडात वरचे दात नाहीत. त्यांच्या गावात २४ तारखेपासून हरिनाम सप्ताह आहे, त्याच्या मांडवाला जावयाच्या झालरी मिळतील का म्हणून विचारत होते. झालरी नीट सांभाळतील, एक बल्ब फुटू देणार नाहीत, याची जबाबदारी मी घेतली होती. आणि तुम्ही माझ्या लेकीचं त्यांच्याशी लग्न लावून मोकळ्या झालात. आमच्या ह्यांनी लोटूभाऊंना सांगितलं तर ते दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

मी लेक तुमच्या घरी दिली, ती परत मागायला नाही. तिला इथे यायचं असेल तर तिच्या बापाचं घर आहे, दार उघडं आहे. तिला दुसरं घर करायचं असेल तर तेही तिचं ती सांगेल. पण तिला कुणी विचारलं का? तुम्ही साड्या काढल्या, मी सल्ले दिले, पोरीला कुणीच विचारलं नाही. याच्यात माझीही चूक आहे, हे लिहून देते.

मास्तर शनिवारी तुमच्या हातात पत्र देतील. देवा, तोपर्यंत तिला काही बोलू नका. एक शब्दही बोलू नका.

रंभाबाई


सिंधीपुरा, बुरहानपूर
रविवार, २१ डिसेंबर, दुपार

रंभाबाई,

पत्र शनिवारी पोचलं. मी शुक्रवारीच बोलून बसले होते. सगळं पहिल्यापासून सांगते, मग तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.

शुक्रवारी सहाला आम्ही निघालो. कानाला बांधून. फुकट आहे म्हणून सगळं गाव आलेलं, आणि सगळं गाव आलं म्हणून धक्के. पहिल्यांदा पॉवरलूमचं कापड दोन्ही बाजूंनी ताणून त्यामागे दिवे ठेवलेले. कापडावर सावल्या फिरत होत्या. पुढे केळीचे खांब आडवे ठेवून त्यांना भोकं पाडून आत उजेड सोडलेला. हिमानी म्हणाली, आई, बघा, केळी. मी बघितलं. चांगलं होतं. चांगलं आहे हे समजत होतं, पण ते वाटत नव्हतं. एका कोपऱ्यात पोरं पथनाट्य करत होती, नदीच्या पाण्याबद्दल. लोक गोल करून उभे होते. मी पण उभी राहिले. टाळ्या वाजल्या तेव्हा वाजवल्या.

घाटाकडे उतरायच्या रस्त्याला मोठा पिंपळ आहे ना, तिथे आलो. त्या पिंपळाला खालपासून वरपर्यंत जुन्या झिरोच्या बल्बांच्या झालरी होत्या. पिवळ्या. आजकालच्या त्या डोळे मिचकावणाऱ्या निळ्या-हिरव्या नाहीत. शिडीवर इंदूरकडचा लाईटवाला चढलेला, चाळिशीचा माणूस, हातात नवे बल्ब. तो खाली उभ्या माणसाला हिंदीत सांगत होता की ही सगळी बेकार माळ आहे, दर झालरीत एक बल्ब फ्यूज आहे, बदलून टाकतो. आणि त्याने हात लावला.

मी मोजलं नाही, बघितलं नाही. तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "भैया, राहू द्या. ती तीट आहे."

त्याला तीट कळेना. अम्मा, फ्यूज है, म्हणाला. मी गालाला बोट लावून दाखवलं, नजर का टीका. तो माझ्याकडे बघत राहिला, मग उतरला.

खाली पुठ्ठ्यावर हिमानीच्या अक्षरात लिहिलं होतं, जितेंद्र लाईट डेकोरेशन, सिंधीपुरा. तुम्हाला कळलं का? ती रोज संध्याकाळी हेच करत होती. वरच्या खोलीची किल्ली मी गव्हाच्या कोठीत लपवली होती, ती तिला पहिल्यापासून ठाऊक होती. मी दुपारी झोपले की ती झालरी उतरवायची, आणि संध्याकाळी इथे येऊन तुटलेल्या वायरी जोडायची. महोत्सववाल्यांना जाऊन ती म्हणाली होती, एक झाड मला द्या. मला एकदम दाखवायचं तिच्या मनात होतं, म्हणून सांगितलं नव्हतं. हाताला लागलेलं काळं ते वायरींचं होतं. आणि मी काय समजून बसले होते ते तुम्हाला लिहिलंच आहे.

आता पुढचं लिहायला लाज वाटते. ती माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते म्हणून. दुसऱ्या कुठल्याही बाईने पोरीला जवळ घेतलं असतं. मला आत काहीच हललं नाही. एकच गोष्ट डोक्यात होती, की हिने जाता जाता त्याचं शेवटचं काम पुरं केलं, आता हिला अडकवून ठेवायचं नाही. मी म्हटलं, "सोमवारी तू तुझ्या आईकडे जा. मी तुला मोकळी केली."

तिने विचारलं, "आई, मी तुम्हाला नकोशी झाले का?"

आणि ती खाली बसली. पिंपळाच्या पारावर नाही, रस्त्यावर बसली आणि रडायला लागली. रंभाबाई, असं रडणं मी आमच्या घरात ऐकलं नव्हतं, जितूला नेलं त्या दिवशीही नाही. आवाज पार घाटापर्यंत गेला असेल. आणि लोक गोल करून उभे राहिले. त्यांना वाटलं, हेही पथनाट्य आहे. कुणी मोबाईल वर धरला. एकाने तर पोराला पुढे उभं केलं, नीट दिसावं म्हणून. मी अंगावरची शाल काढली आणि दोन्ही हातांनी आडवी धरून तिच्यापुढे उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. हात दुखायला लागले, हे मात्र कळलं. शेवटी त्या शिडीवाल्याने लोकांना हाकललं आणि आम्हाला चहा आणून दिला.

घरी येऊन ती चार पोळ्या जेवली.

शनिवारी तुमचं पत्र आलं ते मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं, माझं पत्रही कसं होतं ते सांगितलं. लोटूभाऊंच्या दातांवर ती हसली. डोळे सुजलेले आणि हसते आहे. मग तुम्ही लिहिलंत तसं मी तिला विचारलं, बाई, तुझ्या मनात काय आहे, इथे राहायचं की तिकडे? ती म्हणाली, "मला दोन्ही घरं आहेत. आता कुणी मला मोकळी करू नका."

महोत्सव आज संपतो. आज रात्रीच झालरी उतरवून घेऊ म्हणते. उद्या ती येते आहे, पण माझ्या सांगण्याने नाही. सप्ताहाचं काम आपण घेऊ म्हणाली. लोटूभाऊंचा मांडव ती स्वतः लावणार आहे. सप्ताह संपला की २ तारखेला परत येईन म्हणाली. मी विचारलं नव्हतं. तेव्हा हे पत्र मास्तर नाही, तुमची लेकच आणून देईल. पेटीतलं सामान मी पुन्हा कपाटात लावलं. करंडा तेवढा तिने हातात घेऊन बघितला आणि परत ठेवला. त्याचं काय करायचं ते तिचं ती बघेल.

तिने एक नवी झालर बांधली आहे, जितूच्या पद्धतीने. तिला तीट लावायची राहिली होती. मी काजळाची डबी शोधली, ती सुकली होती. दोन थेंब तेल घालून बोटाने मळलं आणि एक बल्ब काळा केला. ती झालर सोबत पाठवते.

मी बरी आहे.

इंदुबाई


तुकईथड
गुरुवार, २५ डिसेंबर

इंदुबाई विहीणबाई, नमस्कार.

हिमानी सोमवारी दुपारी पोचली. झालरींची पोती बसच्या टपावरून आली. बल्ब फुटला नाही एकही.

पत्र माझ्या हातात दिलं आणि माझ्या गळ्यात पडून परत रडली. आता सुटलं आहे ते, थांबायला वेळ लागेल. लागू द्या. भाकरी थापता थापता रडते, मग डोळे पुसते आणि विचारते, मीठ टाकलं का. मीही तिच्यासोबत रडते. ह्यांनी दोन दिवस सहन केलं आणि मग बागेत जाऊन बसले.

काल देडतलाईला मांडव लागला. ती पदर खोचून शिडीवर होती, लोटूभाऊ खालून शिडी धरून होते. ते तिच्याकडे मान वर करून बघतही नव्हते, इतका तुम्ही त्यांना धाक घातला आहे. दिवे लागले तेव्हा एक बाई म्हणाली, अरे, त्या झालरीतला एक दिवा गेला बघा. काय म्हणाली ते हिमानीने मागून सांगितलं, मला ऐकू आलं नाही, पण तिचं बोट दिसलं. सात वर्षांपूर्वी मीच तसं बोट दाखवलं होतं. मी तिला म्हटलं, राहू दे बाई, आमच्या विहीणबाईंच्या हातचा आहे.

आता तुमचं. चार पानी पत्रात तुम्ही सगळ्यांचं लिहिलं. लाईटवाल्याचं लिहिलं, गर्दीचं लिहिलं, पोळ्यांचं लिहिलं. स्वतःचं तीन शब्दांत संपवलं. मी सातवी शिकलेली आहे, पण एवढं वाचता येतं. नऊ महिने तिची काळजी करत बसले आणि तुम्हाला कुणी विचारलं नाही. त्या दिवशी तुम्ही शाल धरून उभ्या होतात. तुमच्यापुढे कोण शाल धरेल, याचा विचार केला का?

२ तारखेला हिमानी येते, तिच्यासोबत मी येते. आठ दिवस राहीन, जा म्हटलं तरी ऐकू येणार नाही. फोन करू नका. रडायचं झालं तर समोर बसून रडा. मला ऐकू आलं नाही तरी दिसेल.

कणीक सहा पोळ्यांची मळा.

तुमची,
रंभाबाई